नदीवरचे मुक्काम : मित्रांसोबतच्या राफ्टिंगचे अनुभव सांगा

कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंग केलेले लोक इथे शेकड्याने सापडतील. भिऱ्याच्या वीजकेंद्रातून पाणी सुटतं, दोन-तीन तास आरडाओरडा, ओल्या अंगाने जेवण आणि संध्याकाळी घरी. हा धागा त्याबद्दल नाही. मित्रमंडळींबरोबर परदेशात जाऊन नदीवरच मुक्काम करत कोणी उतरलं असेल, तर त्यांनी लिहावं. राफ्ट कशी उलटली हे थोडक्यात चालेल. मला बाकीचं हवंय: स्वयंपाक कोण करायचं, झोप लागायची का, 'जायचं' कुठे, आणि परत आल्यावर सगळे एकमेकांशी बोलत होते का. आमचा कॉलेजचा ग्रुप बेत करतोय, त्यातल्या निम्म्यांना पोहता येत नाही.

*

डेन्व्हर

'जायचं कुठे' यापासूनच सुरुवात करते, कारण अमेरिकेत कोलोरॅडो नदीवर ग्रँड कॅन्यनला निघताना मलाही तेवढी एकच धास्ती होती. तिथला नियम आपल्या सवयीच्या उलट. लघवी नदीतच करायची, वाळूत नाही. नदीला पाणी भरपूर, ते वाहून नेतं. काठावर पाऊस जेमतेम, तिथे वास साचून राहतो. बाकीचं सगळं एका लोखंडी पेटीत. सैन्यात दारूगोळ्याला वापरतात तसली पेटी, वर बैठक बसवलेली. तिला 'ग्रूव्हर' म्हणतात. कॅम्पपासून लांब, आडोशाला, पण समोर बहुतेक वेळा अख्खी दरी उघडी. वाटेच्या तोंडाशी हात धुवायची बादली आणि एक वल्हं ठेवलेलं असायचं. वल्हं जागेवर नसलं की समजायचं, आत कोणीतरी आहे. पहाटे हातात कॉफीचा मग घेऊन पाच-सहा जण तोंडाने गप्पा मारतायत आणि नजर त्या वल्ह्याच्या जागेवर! भरलेल्या पेट्या शेवटपर्यंत आपल्याबरोबरच येतात. त्या कोणाच्या राफ्टवर बांधायच्या यावरून आमच्याकडे रोज सकाळी पंचायत बसायची.

आम्ही लीज फेरीहून डायमंड क्रीकपर्यंत गेलो, २२६ मैल. परमिट ग्रुपमधल्या एका अमेरिकन मित्राला लॉटरीत लागलं होतं. वल्ही मारणारे आमच्यातलेच होते, राफ्ट आणि शिधा भाड्याच्या कंपनीचा. ग्लेन कॅन्यन धरणातून सुटणारं पाणी तलावाच्या खोलातलं, त्यामुळे वर चाळिसाच्या पुढे ऊन आणि खाली पाण्यात पाय घातला तर कळ मस्तकात. रात्री कडे दिवसभराची उष्णता सोडत राहतात. तंबू कोणी लावलाच नाही. ओला पंचा अंगावर घेऊन झोपायचं, तो वाळला की जाग यायची, उठून परत भिजवायचा.

धरणातलं पाणीही विजेच्या मागणीप्रमाणे कमी-जास्त होतं. म्हणजे कुंडलिकेचंच दुखणं, फक्त मोठ्या मापात. संध्याकाळी पाण्यात बांधलेल्या राफ्ट सकाळी वाळूवर. सामानासकट त्या ओढायच्या म्हणजे नाश्त्याआधीच पाठीचा काटा ढिला.

पिण्याचं पाणी नदीचंच. पारिया किंवा लिटल कोलोरॅडो या उपनद्यांवर वर कुठे पाऊस झाला की सगळा गढूळ गाळ. रात्री बादल्या भरून त्यात तुरटी घालायची, सकाळी वरचं निवळ पाणी फिल्टरमध्ये. बाकीचे किती चमचे वगैरे वाचत बसले. माझं लहानपण आजोळच्या विहिरीवर गेलेलं, मी खडा मागितला. खडा नव्हता, भुकटी होती.

आणि हो, दरीच्या खालच्या भागातला जो काळा खडक आहे, त्याचं नाव विष्णू शिस्ट. वय साधारण १७० कोटी वर्षं. वर विष्णू टेम्पल, ब्रह्मा टेम्पल, शिवा टेम्पल अशी शिखरं. क्लॅरेन्स डटन नावाच्या भूशास्त्रज्ञाला एकोणिसाव्या शतकात आपल्या देवांची नावं द्यायची हौस होती. आमच्यातल्या एका नास्तिकाने राफ्टमधून खडकाला हात लावून कपाळाला लावला, त्याचे फोटो आहेत.

लाव्हा फॉल्स नावाच्या रॅपिडबद्दल (रॅपिड म्हणजे पाणी खडकांवरून उसळत धावतं तो टप्पा) सगळे विचारतात. पंचवीस-तीस सेकंदांचं काम ते. त्याआधी वल्हेकरी काठावरच्या दगडांवर उभे राहून तासभर नुसते बघत होते, एकमेकांशी न बोलता. घाबरायचं असेल तर ते तेव्हा.

*

ठाणे

आमचं नेपाळ, सुनकोशी. दोलालघाटपासून चतरापर्यंत, सुमारे २७० किलोमीटर, दिवाळीच्या सुट्टीत. पावसाळा संपून पाणी जरा उतरलेलं, पण जोर भरपूर. खाली जाऊ तशी तामाकोशी, लिखु, दूधकोशी येऊन मिळतात आणि नदी रोज अंगाने भरत जाते. परवाच्या रॅपिडवर आपण उगाच ओरडलो असं वाटायला लागतं.

आमच्यात एक जण बँकेत मोठ्या हुद्द्यावर. इतरांना शिस्त लावायची सवय. गाईड जेमतेम पंचविशीचा, त्याला आम्ही सगळेच 'दाइ' म्हणायचो, नेपाळीत थोरला भाऊ. पहिल्या दिवशी साहेबांनी 'फॉरवर्ड' ऐकून आधी "का?" विचारलं. दाइ हसला फक्त. पुढच्या लाटेनंतर साहेब राफ्टच्या बाहेर होते. त्यानंतर प्रश्न बंद. परत आल्यावर साहेबांच्या बायकोने दाइचा नंबर मागितला.

मुक्काम पांढऱ्या वाळूवर. जेवण करायला माणसं होती, त्यामुळे भांडणाला विषय कमी (डेन्व्हरच्या ताईंना दंडवत). वरच्या गावातली पोरं येऊन शांतपणे आमच्याकडे बघत बसायची. एका वळणावर काठावर चिता जळत होती, नातेवाईक पाण्यात उभे. दाइने वल्ही थांबवायला सांगितली आणि राफ्ट प्रवाहाबरोबर तशीच पलीकडून जाऊ दिली. तोवर आमच्यातला एक जण सतत गाणी म्हणत होता, तो दुपारपर्यंत गप्प.

शेवटी अरुण आणि तमोर मिळाल्या की डोंगर संपत येतात. चतराजवळच वराहक्षेत्र आहे, तिथे दर्शन घेतलं. पुढे हीच नदी बिहारात कोसी. जाणार असाल तर हल्लीची स्थिती विचारून जा, सुनकोशीचं पाणी बोगद्यातून मरीन नदीकडे वळवण्याचा प्रकल्प चालू आहे.

*

नाशिक

मला नाही आवडलं. झांबेझी, व्हिक्टोरिया धबधब्याखालची बटोका घळ. रॅपिड अफाट आहेत, वाद नाही. नऊ नंबरला तर पर्यटकांना उतरवून काठाने चालवत नेतात. पण काळा खडक दिवसभर तापलेला आणि रात्री मगरींमुळे पाण्याच्या कडेला जायची बंदी. मित्रांना एका दिवसाचं करू म्हटलं होतं. ते अजून त्या ट्रिपचे गोडवे गातात.

*

मेलबर्न

टास्मानियातली फ्रँकलिन. लहान राफ्ट, चार-चार माणसं. पाणी कोऱ्या चहासारखं, गवताच्या अर्कामुळे, पण थेट ओंजळीने पितात. ग्रेट रॅव्हीन नावाच्या भागात बसण्यापेक्षा राफ्ट आणि पिंपं खांद्यावर घेऊन दगडांवरून चढणंच जास्त. वर पाऊस झाला की नदी रातोरात चढते आणि मग उतरेपर्यंत आहात तिथेच बसा. आम्ही कड्याच्या कपारीत अडकलो. पत्ते भिजून फुगलेले, पिसता येईनात. शेवटी सगळ्यांचा आधार होतं ते एकाच्या आईने बळेबळे दिलेलं मेतकूट. गोऱ्या मित्राने ते पास्त्यावर घालून खाल्लं.

ही नदी बुडवणारं धरण खाली गॉर्डन नदीवर होणार होतं. मोठं आंदोलन झालं, लोक तुरुंगात गेले आणि १९८३ साली ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाच्या निकालाने ते थांबलं.

*

डेन्व्हर

पोहता न येण्याबद्दल राहिलंच. लाइफ जॅकेट घट्ट बांधा, तरंगत ठेवतं ते तेच. पडलात तर उताणे व्हा, पाय पुढे आणि वर. वाहत्या पाण्यात उभं राहायचा प्रयत्न अजिबात करू नका, दगडांत पाय अडकला तर पाणी माणसाला दाबून धरतं. पहिल्यांदाच असेल तर पोखराजवळची काली गंडकी, तीन दिवसांची, बरी. ग्रँड कॅन्यनचंच मनात असेल तर पुढच्या वर्षाची मुख्य लॉटरी फेब्रुवारीत असते, ग्रुप जास्तीत जास्त सोळाचा. प्रत्येकाने आपापला अर्ज करा. लागली तर एक जागा माझी धरा, तुरटीचं बघते मी.