अंतरा घेतल्यावर एचआयव्हीपासूनही संरक्षण मिळते का?

प्रश्न – गटप्रवर्तक, कागल तालुका

दर तीन महिन्यांनी 'अंतरा'चे इंजेक्शन घेणाऱ्या आमच्या भागातील काही महिलांचा असा समज आहे की, सुईने गर्भ टळतो तसा रोगही टळतो. त्यांतील एकीचे पती लांब पल्ल्याच्या ट्रकवर असतात आणि कंडोमचा विषय काढला की घरात संशयावरून भांडण होते. गर्भधारणा आणि एचआयव्ही दोन्ही टाळणारे, स्त्रीच्या स्वतःच्या हातात राहील असे काही साधन निघाले आहे का?

उत्तर – स्त्रीरोगतज्ज्ञ, राजारामपुरी

ताई, अंतरामधील संप्रेरक स्त्रीबीज बाहेर पडू देत नाही. विषाणूला मात्र ते अडवत नाही. 'छाया' या गर्भनिरोधक गोळ्या आणि तांबी यांचेही तसेच. अशा इंजेक्शनमुळे एचआयव्हीचा धोका वाढतो की काय, अशी शंका बरीच वर्षे होती. परंतु आफ्रिकेतील चार देशांतल्या ७,८२९ महिलांवर झालेल्या 'एको' चाचणीत इंजेक्शन, तांबी आणि दंडात बसवायची कांडी यांमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही, हे २०१९ मध्ये स्पष्ट झाले. तेव्हा भीतीपोटी कोणालाही अंतरा सोडायला सांगू नये. दोन्ही कामे करणारे साधन आजही कंडोमच आहे.

उत्तर – एचआयव्ही समुपदेशक, कोल्हापूर

डॉक्टरांचे म्हणणे बरोबर आहे, पण ताईंचा खरा प्रश्न साधन कोणाच्या हातात, हा आहे. 'व्हॉइस' चाचणीत आफ्रिकेतील महिलांना रोज वापरायच्या एचआयव्हीप्रतिबंधक गोळ्या आणि जेल दिले होते. रक्ततपासणीत मात्र एक तृतीयांशाहूनही कमी नमुन्यांत औषध सापडले, म्हणजे बहुतेकींनी ते नियमित वापरलेच नव्हते. घरात गोळ्यांची बाटली दिसली की प्रश्न सुरू होतात, हे आपल्याकडे वेगळे सांगायला नको. म्हणूनच योनीत महिनाभर ठेवायची, डॅपिविरीन या एचआयव्हीप्रतिबंधक औषधाची रिंग आली. तिने धोका साधारण ३० टक्क्यांनीच घटला, तरी जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पर्याय म्हणून तिची शिफारस केली. सहा महिन्यांतून एकदा घ्यायचे लेनाकापाविर हे एचआयव्हीप्रतिबंधक इंजेक्शन त्याहून कितीतरी प्रभावी ठरले: २०२४ च्या चाचणीत ते घेणाऱ्या २,१३४ महिलांपैकी एकीलाही संसर्ग झाला नाही. गर्भ मात्र त्याने टळत नाही. गर्भनिरोधक आणि एचआयव्हीप्रतिबंधक औषध एकत्र असलेल्या गोळीवर आणि रिंगवर संशोधन चालू आहे.

उत्तर – औषध विक्रेता, इचलकरंजी

हैदराबादच्या दोन कंपन्यांनी २०२७ पासून लेनाकापाविर वर्षाला सुमारे ४० डॉलरमध्ये, गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठी देण्याचे जाहीर केले आहे. तोवर 'एड्सची सुई आली का?' असे दुकानात विचारणाऱ्यांना मी आधी तपासणी करून घ्या, एवढेच सांगतो.

गटप्रवर्तक, कागल तालुका

आभारी आहे. मग त्या ताईंना आज काय सांगू?

एचआयव्ही समुपदेशक, कोल्हापूर

अंतरा चालू ठेवावे आणि सीपीआर रुग्णालयातील तपासणी केंद्रात मोफत तपासणी करून घ्यावी. संमतीशिवाय तपासणी होत नाही आणि निकाल गोपनीय राहतो. पतींनाही आणता आले तर उत्तम, कारण ते बाधित निघाले तरी नियमित औषधांनी रक्तातील विषाणू मोजता न येण्याइतका कमी झाला की त्यांच्याकडून शरीरसंबंधातून पत्नीला लागण होत नाही. घरातून बोलता येत नसेल, तर १०९७ हा मोफत क्रमांक आहे.