मदत हवी आहे : ‘किल्ला लढवणे’मधला ‘लढवणे’ नेमका कुठवर चालतो?

शब्दनोंदीसाठी ‘लढवणे’चे अर्थ वेगळे लावायचे आहेत, पण एका जागी घोडं अडलंय.

‘लढणे’चं हे प्रयोजक रूप. ‘कोंबडे लढवणे’मध्ये ते सरळ दिसतं: लढतात कोंबडे, लढवणारा वेगळा. पण ‘मुरारबाजींनी पुरंदर लढवला’ (1665) किंवा ‘बाजीप्रभूंनी खिंड लढवली’ (1660) इथे अर्थ ‘झुंजत राखणे’ असा होतो. ‘दिलेरखानाने पुरंदर लढवला’ अजिबात चालत नाही; तो वेढा घालतो, हल्ला चढवतो. म्हणजे क्रियापद फक्त बचाव करणाऱ्याचं. निवडणूक आणि खटला मात्र दोन्ही बाजूंनी लढवतात. शक्कल लढवायला तर शत्रूच लागत नाही!

रचनेतला फरक पक्का आहे. ‘रक्षण करणे’ला ‘-चे’ आणि ‘-पासून’ लागतं: शत्रूपासून किल्ल्याचे रक्षण केले. ‘लढवणे’ थेट कर्म घेतं आणि भूतकाळात त्याच्याच लिंगाप्रमाणे फिरतं: किल्ला लढवला, गढी लढवली, ठाणे लढवले. ‘शत्रूपासून किल्ला लढवला’ लिहिलं की वाक्य मोडतं. तिथे ‘शत्रूविरुद्ध’ हवं. अनुवादात ही चूक हमखास होते.

आता विचारायचं ते असं: हा बचावाचा अर्थ फक्त जागावाचक नामांपुरताच आहे का? ‘शहर लढवले’, ‘पूल लढवला’ तुमच्या कानाला कसं लागतं? आणि वेढा नसताना, नुसता पहारा असेल, तर किल्ला ‘राखला’च म्हणायचं ना? जुन्या पत्रांतली किंवा बखरींतली उदाहरणं असतील तर पूर्ण वाक्यच द्या, तुटक शब्दावरून कर्ता कळत नाही.