आजोबा लाल बावट्याचे, वडील शाखेचे. गिरणगावाचं मत नेमकं कधी फिरलं?

संगमेश्वरी

नमस्कार मंडळी. उत्तर फ्रान्समधल्या जुन्या कोळसा पट्ट्याबद्दल वाचत होते. तिथल्या खाणकामगारांच्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या समाजवादी आणि कम्युनिस्ट निवडून यायचे, आता तिथे ल पेन बाईंच्या पक्षाला भरभरून मतं पडतात. वाचताना आमचंच घर आठवलं.

आजोबा संगमेश्वराजवळच्या वाडीतून मुंबईला आले, लालबागच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर, लागले आणि शेवटपर्यंत लाल बावट्याचे राहिले. कम्युनिस्ट पुढारी डांग्यांची सभा असली की पाळी सुटल्यावर घरी न येता थेट मैदानात. वडील त्याच खोलीत वाढले आणि विशीच्या आतच शिवसेनेच्या शाखेत जायला लागले. यावरून बापलेकांत भांडण झाल्याचं आजीच्या तोंडून कधी ऐकलं नाही. आजोबा आता नाहीत. वडिलांना विचारलं तर "साहेबांनी आम्हाला उभं केलं" एवढ्यावर विषय संपतो.

कॉलेजात आम्हाला शिकवलं की दाक्षिणात्यांविरुद्ध पोरांना भडकवलं आणि कम्युनिस्टांना मोडण्यासाठी मालकांनी व काँग्रेसने सेनेला मोकळं रान दिलं. ते खरं असेलही, पण त्यात माझे वडील कुठेच दिसत नाहीत. ते विचार करणारा माणूस आहेत. गिरणगावात वाढलेल्या कुणी सांगाल का, हे घराघरात कसं घडलं?

काळाचौकी

ताई, तुमच्या वडिलांच्या वयाचा आहे आणि माझे वडीलही साचेखात्यातले, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी स्वतः डाव्यांनाच मत देत आलो. धाकटा भाऊ शाखेत होता. खोली एकच.

तुमच्या आजोबांची निष्ठा कशावर उभी होती ते आधी पाहा. १९२८चा सहा महिन्यांचा संप, त्यातून उभी राहिलेली गिरणी कामगार युनियन, पुढे संयुक्त महाराष्ट्राचा लढा. १९५७ला डांगे इथून लोकसभेवर गेले ते समितीच्या लाटेत. लाल बावटा आणि मराठी माणूस तेव्हा एकाच मोर्चात चालत होते. शाहीर अमर शेख डफावर थाप मारायचे तेव्हा पगार आणि मुंबई हे दोन वेगळे प्रश्न आहेत असं कुणाला वाटायचं नाही. १९६०ला महाराष्ट्र झाला, समिती विस्कटली, १९६२ला चीनचं युद्ध झालं, १९६४ला कम्युनिस्ट पक्षच फुटला. मराठीपणाचा मुद्दा डाव्यांनी खाली ठेवला, तो पुन्हा उचललाच नाही. १९६६ला तो दुसऱ्यांनी, म्हणजे सेनेने, उचलला.

याहून मोठी गोष्ट म्हणजे १९४६चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा. कॉलेजात हा शिकवत नाहीत आणि मला त्याचा आजही संताप येतो. या कायद्याने एका उद्योगात एकच मान्यताप्राप्त युनियन. मुंबईच्या गिरण्यांत ती काँग्रेसची राष्ट्रीय मिल मजदूर संघ. मालकाशी बोलणी तिनेच करायची, करारावर सही तिचीच. कामगारांचा विश्वास लाल बावट्यावर आणि सहीचा अधिकार संघाकडे. १९५०ला समाजवाद्यांनी बोनससाठी दोन महिने गिरण्या बंद ठेवल्या, तरी हाती काही लागलं नाही. माझ्या वडिलांची तक्रार असली की लाल बावट्याचे पुढारी गेट मीटिंग घ्यायचे, तळमळीने बोलायचे आणि शेवटी कागद संघाच्या कचेरीत जायचा. ज्या युनियनवर तुमचा जीव आहे तिला तुमच्यासाठी सही करता येत नाही, हे कामगाराने वर्षानुवर्षं सोसलं.

आता पोरांकडे या. साठच्या दशकात गिरणीत कायम नोकरी मिळणं अवघड झालं होतं. बापाच्या ओळखीने पोरगा बदलीत लागायचा. सकाळी दरवाज्याशी उभं राहायचं, कुणी खाडा केला तर काम, नाहीतर घरी. त्यातून आमची पिढी मॅट्रिकपर्यंत शिकलेली. आम्हाला कारकुनी हवी होती, टायपिंग शिकत होतो. लाल बावट्याकडे आमच्यासाठी काय होतं? अभ्यासवर्ग होता, पेपर होता, बापाची युनियन होती. जो कामगार झालाच नाही त्याच्यासाठी युनियनमध्ये खातं नव्हतं. बाळासाहेब ठाकऱ्यांचं साप्ताहिक 'मार्मिक' मात्र मोठ्या कचेऱ्यांतल्या अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापायचं आणि म्हणायचं, बघ, तुझी नोकरी इथे गेली. ते उत्तर चुकीचं होतं. उडुप्याच्या हॉटेलातल्या गरीब पोराने कुणाची नोकरी घेतली नव्हती आणि त्याच्यावर हात टाकणं हे पाप होतं. पण प्रश्न खरा होता आणि तो विचारणारं दुसरं कुणी आमच्या नाक्यावर येत नव्हतं.

शाखा संध्याकाळी उघडायची. तिथे फळा, बाकडं आणि ओळखीचा पोरगा शाखाप्रमुख. नळाला पाणी नाही, रेशनकार्डावर नाव चढत नाही, केईएममध्ये खाट मिळत नाही, वरच्या मजल्यावर नवरा मारतो, सगळं तिथे जायचं. मला ज्या परीक्षेतून सरकारी कचेरीत नोकरी लागली तिचा फॉर्म भावाने शाखेतून आणला. हे मी विसरू शकत नाही आणि विसरूही नये.

म्हणून मला वाटतं, तुमचा 'कधी फिरलं' हा प्रश्नच थोडा बदलायला हवा. गिरणगावाने पुष्कळ वर्षं दोन मतं सांभाळली. गिरणीच्या दरवाज्यावर एक, गल्लीत दुसरं. सेनेने १९६८ला भारतीय कामगार सेना काढली, पण गिरण्यांत तिचा जम कधी बसला नाही. १९७४च्या पोटनिवडणुकीत सेनेचा पाठिंबा काँग्रेसच्या रामराव आदिकांना आणि जिंकल्या डांग्यांच्या कन्या रोझा देशपांडे. १९८१च्या अखेरीस सेनेने गिरण्यांत बेमुदत संपाची हाक दिली आणि मागे घेतली. कामगार चिडून घाटकोपरला कामगार पुढारी दत्ता सामंतांच्या दारात गेले. त्यात शाखेत जाणारेही होते, माझ्या भावाचे मित्र होते. १८ जानेवारी १९८२ला जवळपास अडीच लाख लोकांनी काम थांबवलं.

१९८४च्या डिसेंबरात, इंदिराजींच्या हत्येनंतरच्या काँग्रेस लाटेतही, इथून सामंत खासदार झाले. काही महिन्यांत विधानसभा झाली, त्यात सेनेचे एकटे छगन भुजबळ माझगावातून आले. लगेच महापालिका आली. मुंबई महाराष्ट्रापासून तोडणार अशी हवा तापलेली होती आणि सेनेने पालिका जिंकली. महापौर तेच भुजबळ. एका वर्षाच्या आत त्याच चाळींनी हे सगळं केलं. माणसं गोंधळलेली नव्हती. पगारासाठी कुणाकडे जायचं आणि नळासाठी कुणाकडे, हे त्यांना नीट कळत होतं.

मग काही गिरण्या उघडल्याच नाहीत, बाकीच्या हळूहळू बंद पडत गेल्या. संप कुणी अधिकृतपणे मागेही घेतला नाही. हजारो माणसं गावी गेली ती परत आली नाहीत. भोंगा थांबला, दरवाजा गेला, तशी दरवाज्यावरची निष्ठा ठेवायला जागा उरली नाही. गल्ली राहिली. १९८९ला याच मतदारसंघातून सेनेचे वामनराव महाडिक खासदार झाले.

वडिलांना 'तुम्ही सेनेत का गेलात' असं विचारू नका. १९८४ला मत कुणाला दिलंत ते विचारा.

भोईवाडा

काळाचौकीकरांचं बरंचसं पटलं. पण डाव्यांकडे गल्ली नव्हती हे मी मान्य करणार नाही. परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई कोण होते मग? त्यांचं लोकसेवा दल होतं, पोरं त्यांच्याभोवती होती, चाळीतल्या भांडणापासून नळापर्यंत लोक त्यांच्याकडेच जायचे. शाखा जे करत होती ते कृष्णा देसाई तिच्या आधीपासून करत होते. ५ जून १९७०च्या रात्री त्यांचा खून झाला. त्याआधी १९६७च्या डिसेंबरात दळवी बिल्डिंगमधली गिरणी कामगार युनियनची कचेरी फोडली गेली होती.

माणूस मारला, कचेरी फोडली आणि मग म्हणायचं की डाव्यांनी पोरांकडे लक्ष दिलं नाही. हे मला सहन होत नाही. माझे काका त्या कचेरीत बसायचे. त्यानंतर आईने त्यांना संध्याकाळी एकट्याने बाहेर पडू दिलं नाही. अशा किती घरांत किती माणसं गप्प झाली असतील? ती कुठल्याच मतपेटीत मोजली जात नाहीत. राज्यात सरकार कुणाचं होतं आणि पोलीस काय करत होते हेही विचारा. मुख्यमंत्री वसंतराव नाईकांवरून लोक सेनेला 'वसंतसेना' उगाच म्हणत नव्हते.

नायगाव बीडीडी

या धाग्यात 'गिरणगावाने' असं सगळे म्हणताहेत म्हणून लिहिते. आमचं गिरणगाव वेगळं होतं.

माझे पणजोबा गिरणीत होते, पण साचेखात्यात त्यांना प्रवेश नव्हता. धोट्यातला धागा तुटला की तो तोंडाने ओढायला लागायचा, म्हणून अस्पृश्याचा हात तिथे चालायचा नाही. जास्त पगार तिथेच होता. १९२८च्या संपात बाबासाहेबांनी ही बंदी उठवा अशी मागणी लावून धरली, तेव्हा लाल बावट्याच्या पुढाऱ्यांना ती जड गेली. पुढच्या वर्षीच्या संपाला बाबासाहेबांनी विरोध केला त्यामागे हेही होतं. म्हणजे 'डाव्यांची मतं सेनेकडे गेली' यात आमची मतं मोजूच नका. ती आधी डाव्यांची पूर्ण कधी झाली नव्हती.

१९७४च्या ज्या पोटनिवडणुकीत रोझाताई जिंकल्या, तिच्यावर दलित पँथरने बहिष्कार घातला होता. काँग्रेसची आमच्याकडची हक्काची मतं गेली, हे त्या निकालाचं मोठं कारण. त्याच महिन्यात वरळीच्या बीडीडी चाळींत दंगल पेटली होती आणि परळला पँथरच्या मोर्चावर वरून दगड पडून भागवत जाधव गेला. चाळीतली एकी आठवताना आमच्या इमारतींच्या गच्च्यांवरून काय काय आलं तेही आठवा.

आणि बायका? वायंडिंगमधून, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यातून, बायका कमी होत गेल्या तेव्हा कुठल्या युनियनने गिरणी बंद पाडली? संपाच्या काळात घरं खानावळवाल्या आणि भाजी विकणाऱ्या बायकांनी चालवली. त्यांना सभेत खुर्ची लाल बावट्याने दिली नाही आणि शाखेनेही दिली नाही.

काळाचौकी

नायगावच्या ताई, तुमचं म्हणणं मी डोक्यावर घेतो. साचेखात्याची ती गोष्ट आमच्या घरात कधी बोलली गेली नाही आणि न बोलण्यातच तिचं उत्तर आहे. १९७४चा माझा दाखला तुमच्या माहितीने अपुरा ठरतो, हे वाचणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं.

भोईवाडाकर, कृष्णा देसाईंबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे आणि म्हणूनच त्यांना मारलं. गल्लीत उभा राहणारा असा दुसरा माणूस पक्षाकडे नव्हता. पण भीतीने सगळं सुटत नाही. ऑक्टोबर १९७०ची पोटनिवडणूक घ्या. त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई उभ्या, मागे बरेच पक्ष एकत्र आलेले, समोर वामनराव महाडिक. नवऱ्याच्या खुनाला पाच महिनेही झाले नव्हते. त्या फक्त १,६७९ मतांनी पडल्या. म्हणजे अर्धं परळ तेव्हाही घाबरलं नव्हतं आणि फिरलंही नव्हतं. आणि उरलेल्या अर्ध्याचं काय? मताचं वय तेव्हा २१ होतं. शाखेतली कितीतरी पोरं नुसती प्रचार करत होती, त्यांना मतच नव्हतं. महाडिकांना मत देणाऱ्यांत साच्यावर उभे राहणारे बापही होते. गिरणीत लाल बावट्याची वर्गणी भरणारे. मतपेटीत त्यांनी पोराच्या बाजूने शिक्का मारला. त्यांना आपण भित्रे म्हणायचं का? माझ्या शेजारच्या खोलीत असा एक माणूस होता. १९८२च्या संपात तो सगळ्यात शेवटपर्यंत टिकला.

संगमेश्वरी

सगळ्यांचे मनापासून आभार. नायगावच्या ताईंनी लिहिलेलं आमच्या घरात कधीच ऐकलं नव्हतं.

काल जेवताना वडिलांना १९८४चं विचारलं. "सामंतांना," लगेच म्हणाले. शाखेत असताना? "अण्णांची गिरणी बंद होती, मी कुणाला देणार दुसऱ्याला?" अण्णा म्हणजे आजोबा. मग बराच वेळ बोलत होते. संपात गावाहून तांदूळ यायचा, गावकरी मंडळाच्या गाळ्यातली निम्मी माणसं वाडीत परतली, आजोबांची देणी कशी मिळाली आणि किती उशिरा. १९८२ला शाखेतल्या मित्रांबरोबर त्यांचं भांडण झालं होतं हेही पहिल्यांदा कळलं. १९७०बद्दल मात्र बोलायला तयार नाहीत. "ते राहू दे" म्हणाले.

भोईवाडाकर, तुमच्या काकांबद्दल अजून लिहाल का? दळवी बिल्डिंगच्या त्या दिवशी ते तिथे होते का, आणि नंतर युनियनचं काम त्यांनी सोडलं की कुठूनतरी करत राहिले?