थोरला मुलगा मृत्युपत्रात नाही म्हणून...

...तो आधीच वारला असणार, हा जुन्या व्हर्जिनियातल्या (अमेरिका) घराण्याची वंशावळ शोधताना काढलेला निष्कर्ष घाईचा वाटतो. तिथे १७८५ च्या कायद्याने थोरल्याच्या वारसाहक्काची पद्धत मोडेपर्यंत मृत्युपत्रात न आलेली जमीन थोरल्याकडेच जायची. वेगळं लिहायची गरजच नसे. पुढची खरेदीखतं चाळा. बापाची जमीन विकताना हा गडी सापडू शकतो. सोबत त्याच्या बायकोने नवऱ्याच्या जमिनीवरचा, त्याच्यामागे मिळणारा आपला हयातीपुरता एक-तृतीयांश हक्क सोडल्याची नोंद असली, तर तिचंही नाव मिळतं. (आपल्याकडेही बायकांची नावं हक्कसोडपत्रातच भेटतात म्हणा!)

आणि 'सन-इन-लॉ' वाचून जावई धरू नका, तेव्हा सावत्र मुलालाही तेच म्हणत. तारखाही जपून: ब्रिटिश वसाहतींत १७५२ पूर्वी वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, म्हणजे कागदावरचा फेब्रुवारी १७२० हा आपला १७२१.