ब्लॅक पँथर वगैरे चळवळीतल्या लोकांनी स्वतः सांगितलेलं वाचायचंय, सुरुवात कुठून करू?

उनाड
मंडळी, जरा मदत हवी होती. दलित पँथरमुळे ब्लॅक पँथर हे नाव आपल्याकडे सगळ्यांनी ऐकलेलं असतं, पण त्यापुढे माझं ज्ञान म्हणजे काळी टोपी, चामड्याचं जाकीट, वर केलेली मूठ आणि बंदूक, संपलं. मध्यंतरी एका प्राध्यापकांचं जाडजूड पुस्तक आणलं, माहिती खच्चून भरलीय पण त्यात माणूस म्हणून कोणी दिसतच नाही, सगळे ठराव करतायत नाहीतर निषेध करतायत. मला जे स्वतः त्यात होते त्यांचं ऐकायचंय. सकाळी उठून काय करायचे, पैसे कुठून आणायचे, घाबरायचे का, आपसात भांडले ते नेमकं कशावरून. आणि दुसरं म्हणजे असल्या आठवणींवर भरवसा किती ठेवायचा? प्रत्येक जण स्वतःला हिरो करणारच की.

जुनी_वही
बॉबी सीलपासून सुरू करा. ह्यूई न्यूटन आणि त्याने ऑक्टोबर १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला पक्ष काढला, आणि त्याचं 'सीझ द टाइम' १९७० ला आलं. बराचसा मजकूर टेपवर बोललेला आहे त्यामुळे भाषा कट्ट्यावर बसून सांगितल्यासारखी, शिव्यांसकट. पैशांचं विचारलंत ना, तर ह्यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमधून माओचं लाल पुस्तक ३० सेंटला एक असं उचललं आणि बर्कलीच्या कॉलेजात जाऊन पोरांना १ डॉलरला विकलं, आणि त्या नफ्यातून बंदुका घेतल्या. गंमत म्हणजे तोवर ह्यांनी स्वतः ते पुस्तक वाचलेलं नव्हतं, आधी धंदा मग वाचन. हे असलं प्राध्यापकाच्या पुस्तकात एका ओळीत उरकतं, इथे मात्र मिटक्या मारत सांगितलंय.

पण भरवशाचं म्हणाल तर ते बोललं गेलं कधी ते बघा. न्यूटन पोलिसाला मारल्याच्या केसमध्ये आत, सीलवर स्वतःवर शिकागो आणि न्यू हेवनचे खटले, बाहेर 'फ्री ह्यूई'चे मोर्चे. अशा वेळी न्यूटन देवासारखाच दिसणार आणि कोर्टात अंगाशी येईल असं काही कोणी बोलणारही नाही. म्हणून त्याला लागूनच एलेन ब्राउनचं 'अ टेस्ट ऑफ पॉवर' वाचा, ते १९९२ चं, म्हणजे न्यूटनचा खून होऊन तीन वर्षं झाल्यावरचं. १९७४ ला न्यूटन क्युबाला पळाला तेव्हा पक्ष हिच्या हातात आला आणि १९७७ पर्यंत होता. शाळा चालवणाऱ्या एका बाईने एका पुरुष कार्यकर्त्याला कामात कुचराई केली म्हणून झापलं, तर पुरुषांनी तिला मारहाण केली, जबडा मोडला, आणि परत आलेल्या न्यूटनने त्याला संमती दिली होती. तिथे ब्राउनने पक्ष सोडला. सीलमधला न्यूटन आणि हा न्यूटन एकच माणूस आहे हे पचायला मला आठवडा लागला, खोटं नाही सांगत.

चष्मिष्ट
ब्राउनचं सगळं सगळ्या जुन्या पँथरना पटलेलं नाही हेही सांगायला हवं होतं वहीजी. पण मुद्दा बरोबर, एकटं पुस्तक वाचायचंच नाही.

माझ्या मते ह्या चळवळीच्या बाबतीत अजून एक अडचण आहे जी दुसरीकडे इतकी नसते. घरात कोण आपला आणि कोण पोलिसाचा हेच ह्यांना कळत नव्हतं. एफबीआयचा कॉइंटेलप्रो म्हणून कार्यक्रम होता, त्यात खोटी पत्रं लिहून न्यूटन आणि पक्षाचा दुसरा पुढारी एल्ड्रिज क्लीव्हर ह्यांच्यात लावालावी करायची वगैरे चालायचं, १९७१ ला दोघं फुटले. म्हणजे एखादा माणूस आठवणीत लिहितो की अमुक माझ्या जिवावर उठला होता, तर ते त्याला तसं खरंच वाटलेलं असतं, पण वाटायला लावणारं पत्र सरकारी टाइपरायटरवरचंही असू शकतं. हे उघड कसं झालं तर ८ मार्च १९७१ ला, मुहम्मद अली आणि जो फ्रेझरची फाइट चालू असताना, आठ साध्या माणसांनी पेनसिल्व्हेनियातल्या मीडिया नावाच्या गावी एफबीआयचं ऑफिस फोडून फायली पळवल्या. त्यांच्यातल्या काहींनी आपली नावं सांगितली थेट २०१४ मध्ये.

आणि कधीकधी माणसांपेक्षा भिंती जास्त खरं बोलतात. शिकागोत ४ डिसेंबर १९६९ च्या पहाटे पोलीस पक्षाचा तिथला पुढारी फ्रेड हॅम्प्टनच्या फ्लॅटमध्ये घुसले, तो २१ वर्षांचा, अंथरुणातच मेला, पक्षातलाच मार्क क्लार्क २२ चा, तोही गेला. हॅम्प्टनशेजारी झोपलेली त्याची मैत्रीण आठ महिन्यांहून जास्त गरोदर होती, तिचं सांगणं आहे की तिला खोलीबाहेर नेल्यावर अजून गोळ्या झाडल्याचा आवाज आला आणि आता हा नक्की मेला अशा अर्थाचं पोलीस बोलले. पोलीस म्हणाले समोरून जोरदार फायरिंग झालं, सरकारी वकिलाने पेपरात फोटो छापून आणले, दारावरच्या काळ्या ठिपक्यांचे, की बघा ह्या पँथरच्या गोळ्यांच्या खुणा. आता पोलीस फ्लॅट सील करायला विसरले होते. पँथरनी दार उघडं ठेवलं आणि हजारो लोक, म्हाताऱ्या बायकासुद्धा, थंडीत रांग लावून आतून फिरून गेले, गादीवरचं रक्त बघून गेले, पत्रकारही गेले, आणि निघालं काय तर ते ठिपके खिळ्यांची डोकी होती! पुढे केंद्राच्या ग्रँड ज्युरीसमोर आलं की पोलिसांच्या ऐंशीहून जास्त गोळ्या आणि पँथरकडून फार तर एक. फ्लॅटचा नकाशा एफबीआयला काढून देणारा कोण, तर विल्यम ओनील, जो पक्षातच सुरक्षा बघायचा. १९८२ ला नुकसानभरपाईच्या दाव्यात साडेअठरा लाख डॉलरवर तडजोड झाली, शिक्षा कोणालाच नाही.

डबल_कॅसेट
मी रॅपर टुपॅकमुळे ह्या वाटेला लागलो, हसू नका. त्याची आई अफेनी शकूर न्यूयॉर्कच्या 'पँथर २१' म्हणजे एकवीस पँथरांवरच्या खटल्यात आरोपी होती, वकील न घेता स्वतःच लढली, वकिलीचं शिक्षण शून्य, पोटात टुपॅक. गुप्त पोलीस म्हणून पक्षात घुसलेला साक्षीदार समोर उभा, तर तिने त्याच्याच तोंडून काढून घेतलं की हिला हॉस्पिटलात, शाळांत लोकांसाठी काम करताना मी पाहिलंय. १३ मे १९७१ ला सगळे निर्दोष, १६ जूनला टुपॅक जन्मला. त्याच खटल्यात साक्ष द्यायला आलेला दुसरा गुप्त पोलीस जीन रॉबर्ट्स, हा आधी काळ्यांचा पुढारी माल्कम एक्सच्या सुरक्षेत होता आणि १९६५ ला माल्कमला गोळ्या लागल्यावर तोंडाने श्वास देणारा हाच. आरोपींनी मिळून १९७१ मध्येच आपापल्या लहानपणापासूनच्या आठवणींचं पुस्तकही काढलंय, पण मला विचाराल तर कोर्टातली उलटतपासणीच जास्त भारी.

पानगळ
सगळं ओकलंड ओकलंड चाललंय. अहो तो काळा बिबळ्या, म्हणजे ब्लॅक पँथर हे चिन्ह, मुळात अलाबामाच्या लाउंड्स काउंटीतला. तिथे शंभरात ऐंशी माणसं काळी आणि १९६५ च्या सुरुवातीला मतदार यादीत एकही नाही. वाचता न येणाऱ्यांसाठी मतपत्रिकेवर चिन्ह लागायचं, गोऱ्या डेमोक्रॅटांचं होतं पांढरा कोंबडा, म्हणून तिथल्या काळ्यांच्या पक्षाने बिबळ्या घेतला. मतदार म्हणून नाव नोंदवल्याबद्दल कुळांना मळ्यातून हाकललं, तर ती माणसं तंबू ठोकून राहिली, रात्री तंबूंवर गोळीबार व्हायचा आणि बंदूक घेऊन पहारा करायचे. म्हणजे जाकीट टोपीच्या आधी पहारा आला. त्याआधीचं हवं असेल तर नॉर्थ कॅरोलायनातला रॉबर्ट विल्यम्स, काळ्यांनी बंदूक घेऊन स्वतःचं रक्षण करावं म्हणणारा, त्याचं १९६२ चं छोटंसं पुस्तक आहे, एका बैठकीत होतं.

आणि एक राहिलंच. आल्बर्ट वुडफॉक्सचं 'सॉलिटरी'. लुइझियानाच्या अँगोला तुरुंगात पँथरची शाखा काढणाऱ्यांपैकी एक, मग चाळीसहून जास्त वर्षं एकांतकोठडी, सहा बाय नऊ फूट, दिवसाचे २३ तास. सुटला १९ फेब्रुवारी २०१६ ला, वय ६९. त्याला स्वतःला सगळ्यात अभिमान कशाचा तर शेजारच्या एका कैद्याला वाचायला शिकवलं त्याचा. डिक्शनरीत उच्चारांच्या खुणा असतात ना, त्या धरून, गजाआडून. काही अडलं की रात्री कधीही हाक मार असं सांगून ठेवलेलं, आणि तो मारायचाही. हिरोगिरीचं म्हणालात म्हणून सांगितलं, ह्या पुस्तकात ती शोधून सापडत नाही.

उनाड
बाप रे, मी दोन नावं मिळतील म्हणून विचारलं होतं. सील आणि ब्राउन एकत्रच मागवलीत. रोज काय करायचे ह्यावर कोणी बोललंच नाही पण, नाश्त्याचं काहीतरी ऐकलं होतं?

जुनी_वही
हो की, ते राहिलं. जानेवारी १९६९ ला ओकलंडच्या सेंट ऑगस्टिन चर्चमध्ये शाळकरी पोरांना फुकट नाश्ता सुरू केला आणि वर्षभरात कितीतरी शहरांत पसरला. म्हणजे पहाटे उठायचं, पोरं यायच्या आत रांधायचं, मग भांडी, मग २५ सेंटचा पक्षाचा पेपर रस्त्यावर उभं राहून विकायचा, संध्याकाळी राजकीय वर्ग. नुसतं हेच वाचायचं असेल तर लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या नागरी हक्क प्रकल्पातल्या व्हिडिओ मुलाखती नेटवर फुकट आहेत, नाव नसलेल्या कार्यकर्त्यांचं तिथे जास्त सापडतं, पुढाऱ्यांच्या पुस्तकात भांडी कोणी घासली ते येत नाही.

उनाड
हे मस्त. तोवर मुलाखतीच लावतो. पानगळ, वुडफॉक्सचं कधी घेऊ, आधी की शेवटी?

पानगळ
शेवटी. आणि लागोपाठ दुसरं काही उघडू नका.