आइस मशीनचे पाणी निघत नाही, प्लंबर फोन उचलत नाही. मदत हवी आहे

मांद्रेकर
काउंटरखाली नवे आइस मशीन बसवले आहे. पाणी भरायला फार वेळ लागतो, मध्येच एरर दाखवून बंद पडते. शिवाय बर्फाच्या पेटीत तळाला पाणी साचते. कंपनीचा माणूस म्हणतो मशीन ठीक आहे, लाइन तुमची. शनिवारी मोठे बुकिंग आहे. लवकर सांगा.

नळबाब
पाणी टाकीचे की थेट नळाचे? टाकी किती उंच? ड्रेनचा पाइप किती लांब आणि सोडलाय कुठे? फोटो टाका.

सांगेकर
मशीन हवे कशाला? लादीवाला सकाळी दारात बर्फ टाकून जातो. आमच्याकडे अजून तेच चालते.

मांद्रेकर
@सांगेकर लादी मासळीला ठीक. गिऱ्हाइकाच्या ग्लासात नाही घालत मी.
@नळबाब टाकी स्लॅबवर, मशीनपासून तीनेक मीटर वर. ड्रेन सिंकच्या पाइपला जोडलाय.

नळबाब
मग दोन्ही दुखणी कळली. दहा मीटर उंचीला साधारण 1 बार दाब मिळतो, म्हणजे तुम्हाला 0.3. बहुतेक मशीनना 1 बारच्या आसपास लागतो, मागची पाटी बघा. छोटा प्रेशर पंप लावा, आधी गाळ अडवणारा सेडिमेंट फिल्टर आणि पाणी बंद करायला हाताशी येईल असा बॉल व्हॉल्व्ह. ड्रेन मात्र सिंकच्या पाइपमधून आजच काढा. सिंक तुंबला की खरकटे पाणी पेटीत शिरेल. पाइपचे तोंड नहाणी ट्रॅपच्या (फरशीतल्या जाळीच्या निचऱ्याच्या) वर किमान 2.5 सेंमी मोकळे राहिले पाहिजे.

हणजुण_कॅफे
आधी आरओ लावा! विहिरीचे पाणी असेल तर एप्रिल-मेमध्ये खारट होते, मशीनला पांढरे खवले धरतात. मी स्वतः लावलाय.

नळबाब
घरगुती आरओची धार बारीक, मशीन पुन्हा उपाशी. आणि काही मशीनचा सेन्सर पाण्यातल्या क्षारांवर चालतो, फार शुद्ध पाणी त्याला दिसतच नाही. कंपनीला विचारल्याशिवाय आरओ नको.

हणजुण_कॅफे
माझ्याकडे नीट चालते. मधे साठवणीची टाकी आणि पंप ठेवा, झाले. पुस्तकी बोलू नका.

मांद्रेकर
विहीर नाही, टाकीत नळाचेच पाणी येते. ड्रेनचे सांगा. नहाणी ट्रॅप चार मीटरवर आहे, मशीनच्या ड्रेनचे तोंड जमिनीपासून 10 सेंमी.

नळबाब
हे आधी सांगायचे होते. मीटरमागे 2 सेंमी ढाळ धरला तर चार मीटरला 8 सेंमी गेले. उरले 2, मोकळी जागा कुठून आणणार? मशीन 15 सेंमीच्या स्टँडवर चढवा.

मांद्रेकर
चढवले तर काउंटरला लागते. फरशी फोडणार नाही, इटालियन मार्बल आहे.

हणजुण_कॅफे
ड्रेन पंप बसवा. एका तासाचे काम.

नळबाब
आणि पावसात वीज गेली की? पंप बंद, बर्फ वितळतोय, पाणी मार्बलवर. पंप घ्याच तर इन्व्हर्टरवर टाका. नाहीतर मशीन काउंटरखालून काढून मागच्या भिंतीशी न्या. तिथे ट्रॅप जवळ, हवाही खेळती. काउंटरखाली कोंडलेले मशीन तसेही कॅटलॉगमधल्या आकड्याइतका बर्फ देणार नाही.

पेडणेकर_73
हुर्राकाचा (काजूच्या दारूचा) सीझन आहे, बर्फ तर लागणारच. कुणाकडे काजूचा चांगला हुर्राक आहे का? म्हापशाला मिळतो तो पाणचट.

सांगेकर
आमच्याकडे आहे. व्यनि (खासगी निरोप) करा. बर्फ लादीचाच घालतो.

मांद्रेकर
मागच्या भिंतीशी डीप फ्रीझर आहे. तो हलवला तर जागा होईल. @नळबाब पेटीचा आणि मशीनचा अशी ड्रेनची दोन तोंडे दिसताहेत, एकाच पाइपात जोडू का?

नळबाब
नका. मशीनने सोडलेले पाणी पेटीत उलटे येते. दोन पाइप वेगवेगळे ट्रॅपपर्यंत न्या. आणि फोटो अजून टाकला नाहीत.