लेखन सुधारणं हे एकट्या भाषेच्या शिक्षकाचं काम आहे का?

कोरी पाटी
मी भाषा शिकवते. दर परीक्षेनंतर शिक्षकांच्या खोलीत एक वाक्य हमखास कानावर पडतं: "मुलांना येतं हो सगळं, फक्त लिहिता येत नाही." मला हे पटत नाही. जे लिहिता येत नाही, त्यातलं बरंचसं मुळात समजलेलंच नसतं. म्हणून प्रत्येक विषयाच्या तासाला मुलांनी थोडं तरी स्वतःच्या शब्दांत लिहावं आणि त्याबद्दल एकमेकांशी बोलावं, असं माझं म्हणणं आहे.

एक उदाहरण देते. थंड पाण्याचा पेला बाहेरून ओला का होतो? निम्मी मुलं लिहितात, "पाणी आतून झिरपतं." उत्तर लगेच फळ्यावर लिहून देऊ नका. आधी प्रत्येकाला दोन मिनिटं गप्प बसून लिहू द्या, मग शेजाऱ्याला वाचून दाखवू द्या. कुणीतरी म्हणतंच, "आत रंगीत पाणी घालून बघू." बाहेरचे थेंब बिनरंगी निघतात. मग उत्तर पुन्हा लिहायचं, तीन वाक्यांत: माझं म्हणणं काय, पुरावा कोणता, आणि त्या पुराव्यावरून ते म्हणणं सिद्ध कसं होतं. तिसऱ्या वाक्याला मुलं अडतात, आणि शिकवायचं असतं ते तिथेच.

प्रयोगवही
ताई, मी विज्ञान शिकवतो आणि मला हे मान्य नाही. चाळीस मिनिटांचा तास, समोर पन्नास मुलं. लिहा, बोला, पुन्हा लिहा यात वीस मिनिटं गेली की धडा कधी संपवायचा? शिवाय पन्नास वह्या तपासायच्या कुणी? पण माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. ज्याला विषय कळलेला नाही, त्याने ज्याला कळलेला नाही त्याचं उत्तर तपासायचं, यातून चूकच पक्की होते. आत्मविश्वासाने बोलणारा मुलगा शेजारच्या मुलीचं बरोबर उत्तर खोडायला लावतो. हे मी माझ्या वर्गात पाहिलं आहे.

गणितवाली
आमच्याकडचं सांगते. १/३ + १/४ = २/७ हे उत्तर मी वर्षानुवर्षं लाल शाईने खोडत आले. मग एकदा फुली न मारता विचारलं, "हे उत्तर चूक आहे हे मित्राला पटेल असं चार ओळींत लिहा. रीत सांगायची नाही." बराच वेळ शांतता. मग एका मुलीने लिहिलं, "२/७ हे १/३ पेक्षा लहान आहे. बेरीज करून कमी कसं होईल?" छेद समान करण्याची रीत तिला आधीही येत होती. ती रीत कशासाठी हे त्या दिवशी कळलं. या चार ओळींत मी शुद्धलेखन तपासलं नाही, आणि तपासायचं नव्हतंच.

तिसरा बाक
मी शिक्षक नाही, पालक आहे. माझा मुलगा अबोल आहे. गट पाडले की तो कागद धरून बसतो आणि लिहितात दुसरेच. लेखन हे शेवटी एकट्याचंच काम आहे ना? परीक्षेत शेजारी कोण असतं?

कोरी पाटी
तुमची काळजी अगदी रास्त आहे, म्हणून क्रम महत्त्वाचा. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडलेली पद्धत 'आधी एकट्याने विचार, मग जोडी, मग वर्ग' अशी आहे. पहिली पायरी गाळून थेट गट पाडले, तर अबोल मूल मागेच राहतं. हाती स्वतःचा लिहिलेला कागद असला की त्याला निदान वाचून तरी दाखवता येतं. आणि चौघांच्या गटापेक्षा दोघांची जोडी बरी. तिथे लपायला जागा नसते.

प्रयोगवही सर, तपासणीबद्दल: असं लिखाण सगळं तपासायचंच नसतं. तासाच्या शेवटी "आज काय कळलं, काय अडलं" एवढी दोन वाक्यं घ्या, पाचसात चिठ्ठ्या वाचा. उद्या काय पुन्हा सांगायचं ते समजतं.

इतिहासाचा तास
थोडी आकड्यांची भर. लेखनशिक्षणाचे संशोधक स्टीव्ह ग्रॅहम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये विज्ञान, सामाजिक शास्त्र आणि गणितातल्या ५६ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. लिहिण्याने विषय शिकण्याला मदत होते असंच दिसलं, पण सरासरी परिणाम ०.३० होता (म्हणजे लिहिणाऱ्या आणि न लिहिणाऱ्या मुलांच्या गुणांतला फरक, गुणांच्या नेहमीच्या चढउताराच्या मापात; शून्य म्हणजे फरकच नाही). हा परिणाम माफक आहे, जादू नव्हे. त्याआधी २००७ च्या ग्रॅहम-पेरिन आढाव्यात मुलांनी मिळून लिहिण्याचा परिणाम ०.७५ आला होता, आणि सुटं व्याकरण शिकवण्याचा चक्क उणे. तो आढावा मात्र लेखनाच्या दर्जाचा होता, त्यामुळे हे दोन आकडे शेजारी ठेवून तुलना करू नये.

माझ्या विषयात मी एवढंच करतो: एकाच घटनेचे दोन वृत्तान्त देतो, आणि कोणत्या वृत्तान्तावर किती विश्वास ठेवाल, का, हे लिहायला सांगतो. घोकलेलं उत्तर तिथे चालतच नाही.

प्रयोगवही
०.३० साठी माझा निम्मा तास द्यायचा का, हा प्रश्न माझ्यापुरता उरतोच. अभ्यासक्रम कमी न करता हे सगळं वर टाकलं, तर शिक्षक आठवड्याभरात सोडून देतील. त्यांना दोषही देता येणार नाही.

गणितवाली
निम्मा तास नको, सर. आठवड्यातून एकदा, तेही मुलं जिथे हमखास चुकतात त्याच धड्याला. आणि शेजाऱ्याने उत्तर खोडायचं नाही, फक्त प्रश्न विचारायचा: "हे कशावरून?" माझ्या वर्गात हा एकच नियम आहे. तुम्ही म्हणता तो दांडगा मुलगा त्यानेच आवरतो, कारण हा प्रश्न त्यालाही विचारला जातो.

प्रयोगवही
"हे कशावरून?" एवढंच असेल तर पेल्याच्या धड्याला एकदा करून बघतो. एका तुकडीत असं, दुसरीत नेहमीसारखं शिकवीन, आणि महिन्याने दोन्हीकडे तोच प्रश्न न सांगता विचारीन. फरक पडला नाही तर तेही इथेच लिहीन. मुलांनी एकमेकांच्या वह्यांवर शेरे मारायला मात्र माझा विरोध कायम आहे.